नायगारा, व्हँकुव्हर, एन्सेनाडा : अमेरिकेतून गाडीने सीमा ओलांडताना या चुका टाळा

लाँग वीकेंड जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी घरांत बेत ठरायला लागतात. न्यू जर्सी आणि डेट्रॉईटकडची मंडळी नायगाराला, सिएटलची व्हँकुव्हरला, सॅन डिएगोची टिहुआनामार्गे मेक्सिकोतल्या एन्सेनाडाला. (नायगारा पाहावा तर कॅनडाच्या बाजूने, याबद्दल फारसं दुमत नाही.) हॉटेल बुक होतं, दशम्या-चटणी बांधली जाते, व्हिसाचे कागद पाच वेळा तपासले जातात. गाडीच्या विम्याची मात्र आठवण कुणाला होत नाही. अपघात झालाच तर कुठल्या देशाचा कायदा लागेल, हे तर कुणाच्या डोक्यातही येत नाही.

परत येता येतं, म्हणजे जाता येतं असं नाही

पासपोर्टवरचा एच-१बी (नोकरीचा) किंवा एफ-१चा (विद्यार्थ्यांचा) स्टॅम्प, म्हणजे व्हिसा, संपलेला असला, पण आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याची नोंद) चालू असेल आणि स्टेटस नीट राखलेलं असेल, तर कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवसांपर्यंत राहून नव्या स्टॅम्पशिवाय परत येता येतं. या सवलतीला ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणतात. मुदतवाढ अमेरिकेतच मिळाली असेल, तर नवं आय-९४ मंजुरीच्या कागदाच्या, म्हणजे आय-७९७ए च्या, तळाशी छापलेलं असतं. तो कागद मूळ प्रतीत जवळ हवा.

पण ही सवलत फक्त परतीची आहे. भारतीय पासपोर्टवर कॅनडात शिरायला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतोच, तुमचा एच-१बी कितीही नवा असो. मेक्सिकोचा नियम वेगळा आहे. अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर तिथे वेगळा व्हिसा लागत नाही. स्टॅम्प संपलेला असेल तर लागतो. म्हणजे परतीचा दरवाजा उघडा असूनही जायचा बंद असू शकतो. ग्रीन कार्डवाल्यांना दोन्हीकडे व्हिसा लागत नाही, मात्र कॅनडासाठी एप्रिल २०२२ पासून ग्रीन कार्डासोबत चालू पासपोर्टही लागतो.

सगळ्यात महागात पडते ती 'आलोच आहोत तर स्टॅम्पिंगही उरकून घेऊ' ही चूक. बाहेर असताना अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज केला की ही सवलत संपते. मग तो व्हिसा हातात पडेपर्यंत टोरांटोत बसून राहायचं. आणि ओपीटीवरून (शिक्षणानंतर एफ-१वर मिळणारी कामाची परवानगी) एच-१बीत जाण्याचा चेंज ऑफ स्टेटसचा अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर पाऊल टाकलं, तर तो बदल सोडून दिला असं धरलं जातं.

आई-बाबांचे सहा महिने नायगारा ओलांडून वाढत नाहीत

हा सल्ला व्हॉट्सअॅपवर हमखास मिळतो: आई-बाबांना पाहुणे म्हणून मिळालेली सहा महिन्यांची मुदत संपत आली की दोन दिवस कॅनडात जाऊन या, नवे सहा महिने मिळतील. तसं गृहीत धरू नका. ३० दिवसांच्या आतल्या अशा फेरीनंतर साधारणपणे जुन्याच आय-९४वर आत घेतात आणि मुदतीची तारीख तीच राहते. ती उलटली तर पाहुण्यांचा दहा वर्षांचा बी-१/बी-२ व्हिसा रद्द ठरतो. मुदतवाढ खरंच हवी असेल, तर तारखेच्या आधी आय-५३९ अर्ज भरावा.

अपघात जिथे, कायदा तिथला

अमेरिकेतल्या बहुतेक विमा पॉलिसी कॅनडात चालतात. तरी निघण्यापूर्वी एजंटकडून कॅनडासाठीचं नॉन-रेसिडेंट इन्शुरन्स कार्ड मागून घ्या. ऑन्टॅरिओत तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीसाठी किमान २,००,००० कॅनेडियन डॉलरचं संरक्षण लागतं, आणि तेवढी जबाबदारी तुमची विमा कंपनी घेते हे या कार्डावरून दिसतं. गाडी भाड्याची असेल तर सीमेपलीकडे न्यायची परवानगी करारात लिहिलेली हवी. काउंटरवरच्या माणसाने तोंडी 'चालेल' म्हटलेलं पुढे कुणी ऐकत नाही.

मेक्सिकोत हा हिशोब पूर्ण उलटा आहे. तिथे अमेरिकन पॉलिसी तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीसाठी ग्राह्य धरली जात नाही, मेक्सिकन कंपनीचाच विमा घ्यावा लागतो. अपघातात कुणी जखमी झालं, तर जबाबदारी आणि पैसे भरण्याची ऐपत ठरेपर्यंत पोलीस चालकाला अडकवून ठेवू शकतात. म्हणून पॉलिसीत कायदेशीर मदत आणि जामिनाचं कलम आहे का ते बघा. त्यासाठी पडणारे जादा पैसे वाचवण्यासारखे नाहीत.

आता दुखापतीच्या भरपाईकडे येऊ. अमेरिकेत हायवेच्या कडेला वकिलांचे बोर्ड पाहून सवय झालेली असते: कुणी ठोकलं की दावा लावायचा. कॅनडात मात्र ते सगळीकडे चालत नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली टोलोफसन विरुद्ध जेन्सन खटल्यात ठरवून दिलं, की अपघात ज्या प्रांतात झाला त्याच प्रांताचा कायदा लागू होईल. आणि प्रांताप्रांतात जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्वेबेकमध्ये दुखापतीसाठी दावाच लावता येत नाही. भरपाई सरकारी विमा संस्था देते, आणि बाहेरच्या माणसाला ती त्याची स्वतःची चूक जितकी, तितकी कमी मिळते. व्हँकुव्हर ज्या प्रांतात येतं, त्या ब्रिटिश कोलंबियातही १ मे २०२१ पासून दुखापतीच्या दाव्याचा मार्ग काही अपवाद सोडता बंद झाला आहे.

ऑन्टॅरिओत दावा लावता येतो, पण मुदती कडक आहेत. विम्यातून मिळणाऱ्या अपघाताच्या लाभांसाठी (उपचाराचा खर्च वगैरे) विमा कंपनीला ७ दिवसांत कळवायचं, समोरच्यावर दावा लावणार असल्याची लेखी सूचना १२० दिवसांत द्यायची आणि दावा साधारणपणे दोन वर्षांत दाखल करायचा. 'घरी जाऊन बघू' म्हणत न्यू जर्सीला परतलेल्या माणसाचे पहिले सात दिवस सामान आवरण्यातच जातात. शिवाय न्यू जर्सीचा वकील ऑन्टॅरिओच्या कोर्टात उभा राहू शकत नाही. तिथलाच वकील शोधायला हवा.

पोलिसांना न बोलावणं

'व्हिसावर आहोत, नोंद नको' म्हणून परस्पर मिटवणारे कमी नाहीत. अपघात होणं हा इमिग्रेशनचा गुन्हा नाही, पण कुणी जखमी असताना जागा सोडून जाणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि तोच पुढे व्हिसाच्या आड येतो. पोलीस बोलवा, फोटो काढा, मान दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. ऑन्टॅरिओचा सरकारी आरोग्य विमा पाहुण्यांचं बिल भरत नाही. आई-बाबांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये कॅनडा धरला आहे का, हे घरून निघण्याआधी वाचा.

दारू आणि गांजा

कॅनडाने १८ डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा १० वर्षं केली. त्यामुळे अमेरिकेत दंड भरून मिटलेली डीयूआयची (दारू पिऊन गाडी चालवल्याची) शिक्षाही तिथे गंभीर गुन्ह्यात मोडते आणि सीमेवरूनच परत पाठवलं जाऊ शकतं. अमेरिकेच्या बाजूनेही नुसत्या अटकेवरून व्हिसा रद्द झाल्याचे ईमेल येतात. गांजा कॅनडात २०१८ पासून कायदेशीर आहे, पण सीमेपलीकडे नेणं दोन्ही दिशांना बेकायदा. डिकीत विसरलेलं गमीजचं (गांजा घातलेल्या गोळ्यांचं) पाकीटसुद्धा त्यातच आलं.

परत आल्यावर सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा खात्याच्या) वेबसाइटवर आय-९४ उघडून तारीख बघा. पासपोर्ट लवकर संपत असेल, तर स्टेटसची मंजुरी दोन वर्षांची असूनही पासपोर्टच्या तारखेपर्यंतच प्रवेश दिलेला असू शकतो. तसं असेल तर आधी पासपोर्ट नवा करा आणि वकिलाला विचारून ती तारीख उलटायच्या आत मुदतवाढीचा अर्ज भरा. अधिकाऱ्याकडून चुकीची नोंद झाली असेल, तर सीबीपीच्या जवळच्या डेफर्ड इन्स्पेक्शन ऑफिसमधून ती दुरुस्त करून मिळते.