शेजारच्या टॉवरची सावली मॉडेलमध्ये आणताना

एनर्जीप्लसमध्ये, म्हणजे इमारतीचा ऊर्जावापर मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पहिलं मॉडेल चाललं, झोन (इमारतीचे भाग), भिंती, शेड्यूल (वापराची वेळापत्रकं) यांवर हात बसला, की पुढे उभ्या राहतात शेजारच्या इमारती. बहुतेक जण उंचीचा अंदाज घेतात, चार ठोकळे ठेवतात आणि रन देतात, म्हणजे मॉडेलची आकडेमोड चालवतात. रन पूर्ण होतो, एरर फाइलमध्ये ओळही येत नाही आणि आकडे पटण्यासारखे दिसतात. मॉडेल साफ चुकलेलं असलं तरीही हे सगळं असंच होतं. म्हणून पुढचं जरा सावकाश वाचा.

बाहेरच्या अडथळ्यांसाठी दोन ऑब्जेक्ट आहेत: 'शेडिंग साइट डिटेल्ड' आणि 'शेडिंग बिल्डिंग डिटेल्ड'. नावं सारखी, वागणं वेगळं. साइट प्रकारातले ठोकळे खऱ्या उत्तरेला बांधलेले असतात. बिल्डिंग प्रकारातले तुमच्या इमारतीबरोबर फिरतात. आता नेहमीचा प्रसंग घ्या. आर्किटेक्टकडून आलेला नकाशा कागदाच्या कडांना समांतर असतो. तुम्ही त्यावरूनच इमारत काढता, त्यावरूनच शेजारचा टॉवर काढता, टॉवर साइट प्रकारात टाकता आणि शेवटी नॉर्थ ॲक्सिसमध्ये, म्हणजे इमारत खऱ्या उत्तरेपासून किती फिरली आहे त्या रकान्यात, ३० लिहिता. इमारत घड्याळाच्या दिशेने ३० अंश फिरते. टॉवर जागचा हलत नाही. नकाशावर पश्चिमेच्या भिंतीसमोर सरळ उभा असलेला टॉवर आता त्या भिंतीसमोर राहिलेलाच नाही, आणि दुपारी चारचं ऊन काचेवर थेट येतं.

याहून वाईट प्रकारही आहे. इमारत फिरते ती शून्य बिंदूभोवती, म्हणजे मॉडेलमधल्या (०, ०) या जागेभोवती. कॅडमधून आलेली इमारत त्या बिंदूपासून २०० मीटर लांब असेल, तर ३० अंशांच्या फिरण्यात ती १०० मीटरहून जास्त सरकते. म्हणजे शेजाऱ्याला मागे टाकून ती निघूनच जाते. माझ्याकडे दुसऱ्यांनी तयार केलेलं असंच एक मॉडेल आलं होतं. कूलिंग लोड (एसीला काढावी लागणारी उष्णता) जास्त का येतोय म्हणून मी काच, गळती, दिव्यांचे वॅट सगळं उलटंपालटं केलं; सावलीकडे लक्ष गेलं ते अगदी शेवटी. त्या दिवसांचा त्रास अजून आठवतो, म्हणूनच इतकं खोलात सांगतेय.

मग टॉवरही बिल्डिंग प्रकारात टाकून मोकळं व्हायचं का? नाही. इमारतींच्या ऊर्जावापराचं अमेरिकी मानक अॅश्रे ९०.१, त्याच्या अपेंडिक्स जी मध्ये बेसलाइन (तुलनेसाठी धरलेली) इमारत ०, ९०, १८० आणि २७० अंशांवर फिरवून सरासरी काढतात. शेजारी तिच्याबरोबर फिरला तर त्या फिरवण्याला अर्थच उरत नाही. शेजाऱ्याची जागा साइटमध्येच. फक्त त्याचे कोऑर्डिनेट खऱ्या पूर्व-उत्तरेप्रमाणे द्या आणि इमारत शून्य बिंदूजवळ आणा.

तपासायला भारी साधन लागत नाही. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५. २१ डिसेंबरला माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, म्हणजे ४५ मीटरच्या टॉवरची सावली उत्तरेकडे जवळपास ४० मीटर पडते. हे कागदावर काढा. मग एका खिडकीचं 'सरफेस आउटसाइड फेस सनलिट फ्रॅक्शन' (तिच्या किती भागावर ऊन आहे ते) आउटपुटमध्ये तासागणिक मागवा आणि ताडून पाहा. घड्याळात मात्र माध्यान्ह बाराला नसते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, पुणं ७४ च्या आत, त्यामुळे त्या दिवशी माध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते. कागद आणि आउटपुट जुळलं नाही तर रन पुढे नेऊ नका. जुळलं, तर निर्धास्त पुढे जा; उरलेलं काम दिसतं तितकं अवघड नाही, आणि ते जमायला कुणी हुशार असावं लागत नाही.

माझं ठाम मत आहे: तयार टेम्पलेट हातात देणाऱ्या सिनियरपेक्षा सूर्यमार्ग हाताने काढायला लावणारा सिनियर शोधा. त्यातूनच कळतं की मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत पुण्यात माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो. २१ जूनला तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवतो. 'उत्तरेला ऊन येत नाही, तिकडचे अडथळे सोडा' हा सल्ला थंड देशांतल्या पुस्तकांचा आहे, तो इथे लावू नका.

'शेजारी धरलेच नाहीत तर निकाल सुरक्षित बाजूला राहतो' हेही फार ऐकू येतं. एसीची क्षमता ठरवायची असेल तर ते मान्य. उद्या शेजारची इमारत पडली तरी यंत्र पुरेल. पण महागडी काच घ्यावी की छज्जा वाढवावा हे ठरवताना शेजारी गाळलेत, तर जे ऊन मुळात येतच नव्हतं ते अडवल्याची बचत ग्राहकाला दाखवली जाते आणि त्याचे खरे पैसे जातात. असं कुणाच्याही सांगण्यावरून करू नका.

बाकीचं थोडक्यात. ऊन-सावली कशी मोजायची हे ठरवणारं सोलर डिस्ट्रिब्यूशन 'मिनिमल शॅडोइंग' ठेवलंत तर बाहेरची सावली मोजलीच जात नाही. निदान 'फुल एक्स्टिरियर' हवं. समोर चकचकीत काचेची इमारत असेल तर 'विथ रिफ्लेक्शन्स' घ्या आणि तिची परावर्तकता स्वतः भरा, नाहीतर ०.२ धरली जाते. झाडं ठोकळ्यासारखी अपारदर्शक ठेवू नका. ट्रान्समिटन्स शेड्यूल (केव्हा किती ऊन आरपार जातं ते) द्या. पानगळीच्या झाडाचं शेड्यूल महिन्यागणिक बदलणार असेल, तर सोबत आकाशातून येणाऱ्या विखुरलेल्या प्रकाशासाठीचा 'डिटेल्ड स्काय डिफ्यूज मॉडेलिंग' हा पर्याय निवडा.