ओपन सोर्स रिसर्च शिकायचंय? एक फोटो घ्या आणि बसा

ओपन सोर्स रिसर्च कुठून सुरू करू असं विचारलं की समोरून टूल्सची भलीमोठी लिस्ट येते, नवा माणूस ती बुकमार्क करतो आणि गाडी तिथेच अडते. टूल्स नंतर बघू. सगळ्यांना उघडपणे मिळणारे फोटो, व्हिडिओ, सॅटेलाइट इमेज, सरकारी नोंदी यांच्यावरून एखादी गोष्ट खरी की खोटी ते शोधायचं आणि कसं शोधलं ते दुसऱ्याला पडताळता येईल असं मांडायचं, काम एवढंच आहे. आणि ते नीट बघण्यापासून सुरू होतं.

तर कुठलातरी बाहेर काढलेला फोटो घ्या, ज्याची जागा तुम्हाला माहीत नाही पण नंतर उत्तर तपासता येईल असा. दहा मिनिटं काहीही सर्च न करता दिसेल ते वहीत लिहा. बोर्डावरची लिपी, गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालल्यात, नंबर प्लेटचा रंग, विजेचे खांब, छपरांचा उतार, मागे डोंगर असेल तर त्याची कड. मग रिव्हर्स इमेज सर्च, म्हणजे शब्दांऐवजी फोटोच टाकून शोधायचं. गूगल लेन्स, यांडेक्स, टिनआय तिन्हीकडे टाका कारण तिघांचे निकाल वेगळे येतात, आणि अख्ख्या फोटोने काही मिळालं नाही तर फक्त ती इमारत किंवा तो बोर्ड क्रॉप करून टाका. टिनआयमध्ये सगळ्यात जुना निकाल आधी लावता येतो, त्यामुळे 'आजचा' म्हणून फिरणारा फोटो जुना असेल तर बऱ्याचदा तिथेच पकडला जातो. व्हिडिओ असेल तर इनव्हिड हे ब्राउझरचं प्लगइन त्यातली स्थिर चित्रं म्हणजे फ्रेम काढून देतं, त्या फोटोसारख्याच सर्च करा. फोटोतला मेटाडेटा (फोटो कधी, कुठे काढला अशी फाइलमध्ये साठवलेली माहिती) मिळेल या आशेवर बसू नका, व्हॉट्सॲप आणि बहुतेक सोशल मीडिया तो काढून टाकतात.

जागेचा अंदाज आला की गूगल अर्थ प्रो उघडा, फुकट आहे, तिथल्या सॅटेलाइट इमेजशी फोटोतली एकेक गोष्ट जुळवा, आणि इथे घाई करायची नाही. मी सुरुवातीला एक पूल असाच 'सापडला' म्हणून मोकळा झालो होतो, कमान तीच, नदीचं वळण तेच, पण फोटोत पाच खांब होते आणि मी धरलेल्या पुलाला सहा. तेव्हापासून मी जुळणाऱ्या गोष्टींच्या आधी न जुळणाऱ्या शोधतो आणि तुम्हीही पहिल्या दिवसापासून तेच करा.

वेळ काढायची तर सावली बघा. सनकॅल्क या वेबसाइटवर जागा आणि तारीख टाकली की सूर्य कधी कुठे होता ते दिसतं, खांबाची सावली त्याच्या उंचीएवढीच असेल तर सूर्य ४५ अंशावर आहे. फक्त एक लक्षात ठेवा, सूर्य वर्षातून साधारण दोनदा त्याच वाटेने जातो, म्हणून नुसत्या सावलीवरून तारीख ठरत नाही, शेतातलं पीक, झाडांची पानं, अर्धवट बांधकाम असं काहीतरी सोबत लागतंच. गूगल अर्थमधल्या जुन्या इमेज इथे कामाला येतात. सेंटिनेल-२ या युरोपियन सॅटेलाइटच्या इमेज दर काही दिवसांनी फुकट मिळतात पण एक पिक्सेल १० मीटरचा, त्यात घर नीट दिसणार नाही, जळलेलं शेत किंवा नवा रस्ता दिसेल.

हे सगळं एकत्र कसं बसतं ते बघायचं तर बीबीसी आफ्रिका आय या बीबीसीच्या शोधपत्रकारिता टीमने २०१८ मध्ये केलेला कॅमेरूनमधल्या हत्यांच्या व्हिडिओचा तपास बघा. सरकारने आधी तो व्हिडिओ खोटा म्हणून उडवून लावला होता. या लोकांनी डोंगराच्या कडेवरून जागा शोधली, आणि एक इमारत कधी होती कधी नव्हती, एक पायवाट कुठल्या महिन्यांत दिसते, सैनिकांच्या सावल्या कशा पडल्यात यावरून तारीख २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ इतकी जवळ आणली. यातली एकेक पायरी तुम्हालाही घरी बसून करता येते.

पोस्ट सापडली की आधी वेबॅक मशीनमध्ये (वेबपेजची प्रत साठवून ठेवणारी साइट) सेव्ह करा, कारण तासाभरात डिलीट होऊ शकते. सोबत स्क्रीनशॉट, पूर्ण लिंक, आणि तुम्ही ती कधी बघितली ती तारीख-वेळ एका साध्या शीटमध्ये. कंटाळवाणं वाटेल पण हाच खरा पाया आहे.

शेवटी माणसांबद्दल. २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या स्फोटानंतर ऑनलाइन लोकांनी फोटो बघून निर्दोष माणसांनाच संशयित ठरवलं आणि त्यांच्या घरच्यांना ते भोगावं लागलं. म्हणून सुरुवातीला जागा आणि वेळ एवढंच शोधा. माणसं ओळखायला जाऊ नका, कुणाचं नाव-पत्ता टाकू नका, खात्री नसेल तर 'बहुधा' असं स्पष्ट लिहा. आणि हिंसेचे व्हिडिओ बघायची वेळ आलीच तर आवाज बंद, विंडो छोटी, आणि झोपायच्या आधी अजिबात नाही.