वाघाचे नख विकायला आले तर: ठाणे आणि नवी मुंबईतील नागरिकांसाठी

घोडबंदर रस्त्यावर वाघबीळ हे नाव आपण रोज उच्चारतो आणि येऊरच्या आसपासचा वारली समाज वाघबारशीला वाघोबापुढे हात जोडतो. पण ठाण्याच्या या रानात आता बिबट्या उरला आहे, वाघ नाही. रानातला वाघ पाहायचा तर विदर्भ गाठावा लागतो. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला, आणि २००६ मधील १,४११ या आकड्याशी तुलना केली तर ही मोठी कमाई आहे. मात्र लोखंडी सापळ्यात, फासक्यात किंवा शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेवर वाघ मरतो, तेव्हा त्याच्या कातड्याला, हाडांना, दातांना आणि नखांना मोल देणारा माणूस बहुधा त्या रानापासून फार दूर, शहरात किंवा परदेशात असतो. म्हणूनच शहरात राहणाऱ्यांकडे या कामाचा एक वाटा येतो आणि तो नीट कसा उचलावा, हे पुढे सांगितले आहे.

सर्वांत आधी वस्तू ओळखता यायला हवी. आमच्या घरात आजीच्या डब्यात एक वाघनख होते: बुडाशी सोन्याची टोपी, तिला बारीक कडी, आणि पिवळसर, अर्धपारदर्शक अशी ती वक्र वस्तू, जी पूर्वी बाळाच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधत असत. वाघाच्या पुढच्या पंजांना प्रत्येकी पाच आणि मागच्यांना प्रत्येकी चार, अशी एकूण अठराच नखे असतात. त्यामुळे बाजारात जेवढी नखे ‘असली’ म्हणून फिरतात त्यांपैकी पुष्कळशी गुरांच्या शिंगातून किंवा खुरातून कोरलेली असतात, तर काही बिबट्याची असतात. खरे की खोटे, हे आपण ठरवू नये. तो निर्णय डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा हैदराबादच्या सीसीएमबी (पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) येथे होणाऱ्या डीएनए तपासणीवर सोडावा. बिबट्यालाही कायद्याने वाघाइतकेच संरक्षण आहे, आणि वाघाच्या नावाने कोणी काही विकत असेल तर तेवढे कारण कळवण्यासाठी पुरेसे आहे.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर, एखाद्या जत्रेतील ताडपत्रीवर किंवा ओळखीच्या सराफाकडे अशी वस्तू दिसली की पहिली ऊर्मी भाव विचारण्याची किंवा विक्रेत्याला जाब विचारण्याची होते, आणि या दोन्ही गोष्टी मनापासून टाळाव्यात. भाव विचारला की आपण ग्राहक ठरतो. जाब विचारला की माल रातोरात हलतो. बनावट ग्राहक पाठवून सापळा लावणे हे प्रशिक्षित अधिकाऱ्यांचे काम आहे आणि त्यात पंच, पंचनामा व जप्तीची रीत पाळावी लागते. ती चुकली तर न्यायालयात खटला टिकत नाही. आपण एवढेच करावे की दिनांक, वेळ, नेमके ठिकाण, गाडीचा क्रमांक, विक्रेत्याने वापरलेले शब्द आणि सोबत दिसलेल्या इतर वस्तू त्याच दिवशी वहीत लिहून ठेवाव्यात. जाहिरात ऑनलाइन असेल तर तिचा पत्ता आणि खात्याचे नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा. तो स्क्रीनशॉट पुढे कुणालाही पाठवू नये, कारण ‘बघा काय चाललंय’ म्हणून पाठवलेला संदेशही अखेर त्या विक्रेत्याची जाहिरातच करतो.

माहिती देण्यासाठी वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. ठाण्यातील वनविभागाच्या कार्यालयात किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लेखी देणे अधिक चांगले, आणि माल डोळ्यांसमोर हलवला जात असेल तर ११२ वर पोलिसांना कळवावे. आंतरराज्य किंवा परदेशी टोळीचा संशय असेल तर २००७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोकडे जावे. आपले नाव गुप्त ठेवावे, अशी विनंती पहिल्याच वाक्यात करावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान तीन ते कमाल सात वर्षांचा कारावास व किमान पंचवीस हजार रुपयांचा दंड आहे. हे ठाऊक असले की आपण क्षुल्लक गोष्टीसाठी यंत्रणेला त्रास देत आहोत, असा संकोच राहत नाही.

न्हावा-शेवा बंदराशी, कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलशी, गोदामांशी किंवा कुरिअरशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांच्याकडे ही दक्षता विशेष असायला हवी, आणि या परिसरात अशी हजारो माणसे काम करतात. वाघाच्या हाडांना पूर्व आशियात औषधी म्हणून मागणी राहिली आहे. चीनने १९९३ मध्ये त्यांच्या व्यापारावर बंदी घातली, तरी चोरटी मागणी संपलेली नाही, आणि भारत ज्याचा सदस्य आहे त्या ‘सायटीस’ या वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारानुसारही वाघाच्या अवयवांचा व्यावसायिक व्यापार निषिद्ध आहे. त्यामुळे कागदावर दाखवलेला माल आणि प्रत्यक्ष वजन किंवा वास जुळत नसेल, पाठवणाऱ्याचा पत्ता अर्धवट असेल, किंवा ‘हस्तकला’ म्हणून नोंदवलेल्या लहान पार्सलची पाठवणी रोखीने आणि घाईने करण्याचा आग्रह धरला जात असेल, तर क्लिअरिंग एजंटने ते पार्सल स्वतः न उघडता सीमाशुल्क विभागाला किंवा महसूल गुप्तचर संचालनालयाला कळवावे.

आता अधिवासाविषयी. माझ्या मते येथे शहरी माणूस सर्वांत कमी पडतो, कारण शिकार दिसते आणि रान हळूहळू तुटताना दिसत नाही. २०१९ मध्ये ‘वॉकर’ नावाने ओळखला गेलेला रेडिओ कॉलर लावलेला तरुण नर टिपेश्वर अभयारण्यातून निघून सुमारे ३,००० किलोमीटर भटकत ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वयात आलेल्या नराला स्वतःचा इलाखा हवा असतो, आणि तो शोधताना त्याला शेते, कालवे, रस्ते ओलांडावे लागतात. ही वाट एखाद्या खाणीने किंवा चौपदरी रस्त्याने अडवली की एका व्याघ्र प्रकल्पातील वाघ दुसऱ्यापासून तुटतात. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली हरकतींनंतर प्राण्यांसाठी भुयारी मार्ग ठेवले गेले आणि वाघ ते वापरताना कॅमेऱ्यात टिपले गेले, यावरून योग्य वेळी घेतलेल्या हरकतीचे मोल कळते.

अशी हरकत ठाण्यात बसूनही घेता येते. केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर वनजमीन व पर्यावरण परवानगीचे प्रस्ताव पाहता येतात. चंद्रपूर, यवतमाळ, अमरावती अशा जिल्ह्यांचे प्रस्ताव महिन्यातून एकदा चाळावेत. पर्यावरणविषयक जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रांत येते आणि प्रकल्प अहवालाचा सारांश मराठीतही द्यावा लागतो, म्हणून तो आधी वाचावा. प्रत्यक्ष सुनावणीत पहिला हक्क स्थानिकांचा असतो आणि तो तसाच असावा. आपण लेखी म्हणणे पाठवावे. त्यात भावनेचे परिच्छेद नकोत. प्रकल्पाची जागा कोणत्या भ्रमणमार्गावर (वाघांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर) येते, अहवालात वाघाचा उल्लेख आहे का, पर्यायी आखणी तपासली का, आणि भ्रमणमार्गावरील जमीन वळवण्यापूर्वी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला व राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता घेतली का, एवढे चार प्रश्न अहवालातील अनुच्छेद क्रमांकांसह विचारावेत आणि पोच जपून ठेवावी.

सफारीला गेलात तर वाघ दिसलेल्या जागेचा नेमका पत्ता फोटोसोबत टाकू नये आणि चालकाला गाडी जवळ घेण्यासाठी पैशांचे आमिष दाखवू नये. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण व तिच्या बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

राहिला आजीचा डबा. वारशाने आलेले कातडे, मुंडके किंवा नख घरात असेल तर वनविभागाने दिलेले मालकीचे प्रमाणपत्र आहे का, हे कपाटातील कागदांत शोधावे. ते असले तरी वस्तू विकता येत नाही, आणि वारसाने ९० दिवसांत वनविभागाकडे घोषणा करायची असते. प्रमाणपत्र असलेली वस्तू नकोशी झाल्यास, २०२२ च्या दुरुस्तीनुसार ती मोबदला न घेता शासनाकडे सुपूर्द करता येते. कागदच नसेल तर वस्तू गुपचूप खाडीत फेकू नये किंवा नातेवाइकाकडे सरकवू नये; आधी वकिलाचा सल्ला घेऊन वस्तू कोणाची होती व घरात केव्हापासून आहे, हे लिहून काढावे आणि त्या निवेदनासह वनविभागाकडे जाऊन जमा केल्याची सही-शिक्क्याची पावती घ्यावी.