लिंकनला आलेली छापील पत्रं वाचताय? या चुका टाळा

लग्नपत्रिका हातात आली की छापलेला मजकूर आपण कुठे वाचतो? तो सगळ्यांना सारखाच असतो. आपण पाकिटावर पेनाने काय लिहिलंय ते बघतो. 'श्री. व सौ.' की 'सहकुटुंब सहपरिवार', एवढ्यावरून रुसायचं की नाही ते ठरतं. हे शहाणपण एखाद्या अमेरिकन पुढाऱ्याचं दप्तर उघडलं की कुठे जातं कोण जाणे.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१८ साली अब्राहम लिंकनच्या टपालाची छायाचित्रं स्वयंसेवकांपुढे ठेवली: वाचा आणि टंकून द्या. घरबसल्या, कुठूनही. हौसेने मीही शिरलो. त्या गठ्ठ्यात हातच्या पत्रांमध्ये छापील परिपत्रकं, सभांची निमंत्रणं, वर्गणीची आवाहनं अधूनमधून डोकावतात. अक्षर लावायचा त्रास नाही म्हणून ती सोपी वाटतात, आणि नेमकी तिथेच माझी फसगत झाली.

छापलेलं अक्षर हाताचं समजणं

पहिलं निमंत्रण मी हाताने लिहिलेलंच समजलो. वळणदार, तिरकं, सुरेख अक्षर. ते निघालं शिळाछापाचं. आपल्याकडे जुन्या पोथ्या नि पंचांगं शिळाप्रेसवर निघायची. लेखनिकाचं अक्षर दगडावर उतरवायचं आणि हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. अमेरिकेतल्या समित्याही तेच करत, म्हणजे पत्र घेणाऱ्याला वाटावं की आपल्यालाच लिहिलंय.

ओळखायचं कसं? चित्र मोठं करून शाई बघा. त्या काळची लोहयुक्त शाई पुढे तपकिरी पडते, आणि टाक जिथे थांबतो किंवा दाबला जातो तिथे ती गडद साचते. छपाईची शाई सगळीकडे एकसारखी काळी असते. मग रिकाम्या जागा शोधा: नाव, तारीख, गाव. तिथे शाईचा रंग बदलतो आणि ओळ जराशी वर-खाली होते. ते दोन-चार शब्दच काय ते लिंकनसाठी लिहिलेले, बाकीचं सगळ्या गावाला. उतरवताना दोन्ही एकत्र कालवू नका. कोणते शब्द हातचे ते वेगळं दाखवा. सही छापील असेल तर तसंही नोंदवा. आणि तळाशी कुणी घाईत दोन ओळी खरडल्या असतील तर आधी त्या वाचा. त्या पाठवणाऱ्याची ओळख, तक्रार किंवा नोकरीची विनंती अनेकदा तिथेच असते.

तारीख घाईने लावणं

जास्तीत जास्त गोंधळ इथे होतो. जुन्या इंग्रजी पत्रांत तारखेशेजारी येणारं 'इन्स्ट.' म्हणजे चालू महिना, 'अल्ट.' म्हणजे मागचा आणि 'प्रॉक्स.' म्हणजे पुढचा. ३ मार्चच्या पत्रात '२५ अल्ट.' आलं तर ती २५ फेब्रुवारी. हे तीन शब्द एका चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवा.

दुसरा घोळ सालाचा. निमंत्रणावर वार असतो, तारीख असते, साल नसतं. ज्याला जायचंय त्याला यंदा कोणतं साल आहे ते ठाऊक असतंच की. मग वारावरून मागे जायचं. समजा, जॉर्ज वॉशिंग्टनच्या जयंतीचं निमंत्रण आहे: बुधवार, २२ फेब्रुवारी. १८६१ ला त्या तारखेला शुक्रवार होता, १८६२ ला शनिवार, १८६३ ला रविवार, १८६४ ला सोमवार. बुधवार येतो १८६० आणि १८६५ ला. आता मायना बघा. पत्ता स्प्रिंगफील्ड, इलिनॉयचा असेल तर साल १८६०, तेव्हा लिंकन तिथे वकिली करत होता. 'राष्ट्राध्यक्षांस' असेल तर १८६५. पण इथे थांबून एकदा आणखी मागेही बघा, कारण १८५४ लाही बुधवारच होता. मग कागदावरचं समितीचं नाव नि पक्षाचं नाव कामी येतं. रिपब्लिकन पक्षाचं नाव छापलेलं असेल तर फेब्रुवारी १८५४ बाद, कारण तोवर तो पक्ष जन्मलेलाच नव्हता.

टपालाच्या शिक्क्यावर भिस्त ठेवू नका, त्या काळच्या शिक्क्यांत बऱ्याचदा सालच नसायचं. पाकिटाला तिकीट नाही म्हणून ते माणसाहाती आलं असंही धरू नका. १८७३ पर्यंत राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसच्या सदस्यांचं टपाल फुकट जायचं. कागदाच्या पाठीवर मात्र नक्की बघा. पत्र घडी करून ठेवायचं आणि बाहेरच्या बाजूला पाठवणारा, तारीख, विषय टिपायचा, ही कचेरीची रीत होती. त्यातली तारीख पत्राची की नोंदीची, हे ताडून घ्यावं लागतं. पेन्सिलीने घातलेलं साल पुढे कुणीतरी अंदाजाने घातलेलं असू शकतं.

राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी तेव्हा ४ मार्चला असायचा, पण निमंत्रणांत ती तारीख दिसली की हात आखडता घ्या. १८४९ ला ४ मार्च रविवारी आला, तर झॅकरी टेलरने शपथ घेतली ५ ला. १८६५ ला लिंकनने शपथ घेतली शनिवारी ४ ला, पण पेटंट ऑफिसच्या इमारतीतला नृत्यसमारंभ झाला सोमवारी ६ ला.

निमंत्रण आहे म्हणजे गेला असणार

नाही. १८५९ ला बॉस्टनच्या रिपब्लिकन मंडळींनी लिंकनला जेफरसन जयंतीला बोलावलं. त्याने ६ एप्रिलला पत्र लिहून नकार कळवला, आणि आज आठवण त्या समारंभाची नाही, नकाराच्या पत्राची आहे. ३ सप्टेंबर १८६३ च्या स्प्रिंगफील्डच्या सभेलाही तो गेला नाही. तिथला मित्र जेम्स कॉन्कलिंगला लांबलचक पत्र पाठवलं, ते सभेत वाचून दाखवलं गेलं. तू उत्तम वाचतोस, माझी सूचना एकच, फार सावकाश वाच, असंही त्याने कॉन्कलिंगला वेगळं कळवलं होतं. माझ्या मते त्या सगळ्या टपालात याच्याइतकी गोड सूचना दुसरी नाही.

आणि गेला तरी निमंत्रणात लिहिलेल्या जागी, लिहिलेल्या दिवशी गेला असंही नाही. ऑक्टोबर १८५९ मध्ये तार आली: ब्रुकलिनचे धर्मोपदेशक बीचर यांच्या चर्चमध्ये २९ नोव्हेंबरच्या सुमारास कोणत्याही विषयावर बोला, २०० डॉलर देऊ. प्रत्यक्षात तो बोलला २७ फेब्रुवारी १८६० ला, नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या कूपर इन्स्टिट्यूटमध्ये, आणि तेही दुसऱ्याच संस्थेच्या वतीने. तारेवरून नोंद केली असती तर गाव, तारीख, यजमान, तिन्ही चुकले असते.

दप्तरात आहे म्हणजे वाचलं असणार

फेब्रुवारी १८६४. निवडणुकीचं वर्ष. कॅन्ससचा सिनेटर सॅम्युएल पॉमरॉय याच्या सहीचं एक 'गोपनीय' छापील परिपत्रक फिरायला लागलं: लिंकन पुन्हा नको, अर्थमंत्री सॅमन चेस यांना उभं करा. छापून शेकड्याने वाटलेला कागद गोपनीय राहतो थोडाच! वर्तमानपत्रांत तो आला, आणि कानकोंड्या झालेल्या चेसने राजीनामा देऊ केला. लिंकनने २९ फेब्रुवारीला त्याला उत्तर दिलं. त्याचा आशय असा: असं पत्र आहे हे मला, इच्छा नसताना, काही दिवस आधी कळलं होतं, ते मी अजून वाचलेलं नाही आणि वाचेन असं वाटत नाही, मित्र कागद आणून देतात, मी वाचत नाही.

हे अक्षरशः खरं मानायचं की मुरलेल्या राजकारण्याचं मौन म्हणायचं, ते ज्याने त्याने ठरवावं. मला दुसरं जास्त पटतं. पण नोंद करताना 'लिंकनला आलेलं' आणि 'लिंकनने वाचलेलं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. टपाल आधी चिटणीस फोडत. जॉन निकोले, जॉन हे आणि विल्यम स्टॉडर्ड यांच्या हाताखालून गेलेलं बरंच काही थेट केराच्या टोपलीत पडलं. म्हणून एखादं परिपत्रक सापडलं नाही यावरूनही ते आलंच नव्हतं असं म्हणू नका.

मायन्यावर भाळणं

'युअर ओबीडियंट सर्व्हंट' म्हणजे त्यांचं सा. न. वि. वि. त्यात आज्ञाधारकपणा शोधू नका. 'ऑनरेबल' लावलंय म्हणून माणूस तेव्हा पदावर होता असंही नाही. लिंकन काँग्रेसमध्ये होता १८४७ ते १८४९, एकच मुदत, पण 'ऑन. ए. लिंकन' पुढेही चालूच राहिलं.

उत्तरही साच्यातलं असू शकतं

१८६० ला उमेदवारी मिळाल्यावर टपालाचा पूर आला. राजकीय मतं सांगा, चरित्रासाठी माहिती द्या. लिंकनने निकोलेसाठी ठरीव मसुदेच करून दिले. त्यातल्या एकाचा सूर असा: आपली मतं मांडा म्हणणारी पत्रं आलीत, आणि काहीच बोलू नका म्हणणारी त्याहून जास्त आलीत. नाव नि तारीख घालायची, पत्र रवाना. तेव्हा एखाद्या घराण्यात जपलेलं 'आमच्या पणजोबांना आलेलं खास उत्तर' बघताना हे मसुदे शेजारी ठेवा. तो या कलेत नवखाही नव्हता. १८४० मध्ये इलिनॉयच्या व्हिग पक्षाच्या (लिंकनचा आधीचा पक्ष) समितीने जिल्ह्याजिल्ह्याला गोपनीय परिपत्रक धाडलं होतं, मतदारांच्या याद्या करा, डळमळीत असतील त्यांच्यावर नजर ठेवा. सह्या करणाऱ्यांत तिशीतला लिंकन होता.

सोबतचा कागद सुटा करणं

गेटिसबर्गचे वकील डेव्हिड विल्स यांची पत्रं हातचीच, पण धडा छापील निमंत्रणांनाही लागू आहे. तिथल्या लढाईत पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीच्या समारंभासाठी आधी २३ ऑक्टोबर १८६३ ठरला होता. मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट यांनी तयारीला वेळ मागितला म्हणून तो १९ नोव्हेंबरवर गेला. तेव्हा त्या प्रकरणातल्या कागदावर ऑक्टोबर दिसला तर ती लेखनिकाची चूक समजून दुरुस्त करू नका. लिंकनला विल्स यांनी २ नोव्हेंबरला एक नव्हे, दोन पत्रं लिहिली. एक औपचारिक: मुख्य भाषणानंतर आपण समयोचित दोन शब्द बोलून ही जागा अर्पण करावी. दुसरं घरगुती: उतरायला आमच्याकडेच या. पहिलं सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं बाजूला पडलं, तर १८ नोव्हेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष गावातल्या चौकावरच्या विल्स यांच्या घरी का झोपले होते, ते कागदांवरून कळणार नाही.