इंग्रजीतली खात्री आणि शंका : माझा अनुभव

इंग्रजी अहवालांत माझी प्रत्येक शंका 'मेबी'ने सुरू होत असे, त्यामुळे जवळजवळ पक्की गोष्ट आणि निव्वळ अंदाज वाचणाऱ्याला सारखेच वाटत. उपाय म्हणून वाक्य लिहिण्याआधी हाती पुरावा किती आहे, हे मी ठरवू लागलो. पुराव्यावरून एकच निष्कर्ष निघत असेल तर 'मस्ट', शक्यता खुली असेल तर 'मे', 'माइट' किंवा 'कुड', आणि गोष्ट अशक्यच असेल तर 'कान्ट', अशी विभागणी केली.

खरी गोम नकारात आहे. 'मस्टन्ट' लिहिले की तर्काऐवजी सहसा मनाई व्यक्त होते, म्हणून तो घरी असणे शक्यच नाही, हे सांगताना 'ही कान्ट बी ॲट होम' असे लिहावे लागते. शिवाय 'कुड' शक्यता दाखवते, पण 'कुडन्ट' ती बहुधा नाकारते, तेव्हा 'कदाचित नसेल' या अर्थी 'माइट नॉट'च बरे. भूतकाळासाठी पुढे 'हॅव' आणि क्रियापदाचे तिसरे रूप जोडले की भागते : 'शी मस्ट हॅव लेफ्ट'. 'प्रॉबॅबली' मात्र लहरी आहे. होकारात ते सहसा 'विल'नंतर येते, नकारात 'वोन्ट'आधी.

आकड्यांचा आधार हवा असेल तेव्हा मी हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसीची परिभाषा पाहतो. तिच्यात 'लाइकली' म्हणजे ६६ ते १०० टक्के, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ९० ते १०० टक्के आणि 'अनलाइकली' म्हणजे ० ते ३३ टक्के शक्यता. रोजच्या पत्रव्यवहारात एवढा काटेकोरपणा कोणी पाळत नाही, पण शक्यता निम्म्याच्या आसपास असेल तेथे मी 'लाइकली' लिहिणे सोडले आहे.