सिंकखालचे डिस्पोजल बदलायला घेण्यापूर्वी

अमेरिकेतल्या घरात सिंकखालचे डिस्पोजल, म्हणजे खरकटे बारीक करून पाण्याबरोबर सोडणारे यंत्र, बंद पडले की लगेच नवे आणायला धावू नका. घर भाड्याचे असेल तर हे काम सहसा घरमालकाचे, त्याला कळवा. स्वतःचे असेल तर यंत्राच्या बुडाशी असलेले लाल बटण दाबून पाहा. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, असे असेल तर विजेच्या पॅनेलमधला त्याचा ब्रेकर बंद करा, बुडाच्या मधल्या भोकात पाव इंची ॲलन की (षटकोनी किल्ली) घाला आणि ती दोन्हीकडे फिरवा. शेवग्याच्या शेंगेचा चोथा किंवा कोयीचा तुकडा अडकला असेल, तर तो वरून चिमट्याने काढा. आत हात घालू नका. यंत्राच्या बुडातूनच पाणी गळत असेल तर मात्र नवे घेण्याला पर्याय नाही.

दुकानात जाण्याआधी जुन्या यंत्रावरच्या लेबलचा फोटो काढा. त्याच कंपनीचे यंत्र घेतले तर जुनी माउंटिंग रिंग (यंत्र सिंकला अडकवायचे कडे) बऱ्याचदा तशीच चालते आणि अर्धे काम वाचते. मग टेप घ्या आणि सिंकच्या तळापासून भिंतीतल्या ड्रेन पाइपपर्यंतची उंची मोजा. हे माप सगळ्यात महत्त्वाचे आहे. अर्ध्या हॉर्सपॉवरच्या जागी पाऊण किंवा एक हॉर्सपॉवरचे यंत्र बसवायचा मोह होतो, पण ते बहुधा अधिक उंच असते, त्याचे पाणी बाहेर पडायचे तोंड खाली येते. ते भिंतीतल्या पाइपपेक्षा खाली गेले की पाणी तुंबते, आणि मग भिंत फोडून पाइप खाली घ्यावा लागतो. जुने यंत्र प्लगवर चालते की वायर थेट जोडलेली आहे, तेही बघून ठेवा. अनेक मॉडेलांची कॉर्ड वेगळी विकत घ्यावी लागते.

हाताशी बादली, जुनी फडकी, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, मोठी पक्कड, हातोडी, वायर नट (वायरींची टोके जोडायच्या टोप्या), व्होल्टेज टेस्टर आणि प्लंबर्स पुटी (सिंकच्या भोकाभोवती गळती थांबवायला लावायचा मऊ लगदा) असू द्या. सिंक ग्रॅनाइटचे किंवा संगमरवरी असेल तर पुटीऐवजी सिलिकॉन आणा, पुटीतल्या तेलाचे डाग दगडात उतरतात. बरीच यंत्रे सहा-सात किलोंची असतात. सोडवताना एकदम अंगावर येऊ नये म्हणून खाली रंगाचा डबा किंवा जाड पुस्तकांची चळत ठेवा, किंवा घरातल्या कुणाला तरी धरायला सांगा.

भिंतीवरचा स्विच बंद केला म्हणजे झाले असे समजू नका. ब्रेकर पाडा, आणि वायरला हात लावण्याआधी टेस्टरने खात्री करा. जोडणी काळ्याला काळी, पांढऱ्याला पांढरी आणि अर्थिंगची वायर हिरव्या स्क्रूला. अर्थिंगची वायर सापडलीच नाही तर तिथेच थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

डिशवॉशर असेल तर त्याची नळी जोडायला नव्या यंत्रावर जे तोंड असते, त्यातली प्लास्टिकची चकती यंत्र वर चढवण्याआधीच स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीने फोडा आणि तुटलेला तुकडा आतून झटकून काढा. डिशवॉशर नसेल तर तिला हात लावू नका. सगळे बसले की सिंक काठोकाठ भरून पाणी एकदम सोडा, आणि प्रत्येक जोडावरून कोरडा टिश्यू फिरवून बघा.