केमोच्या पहिल्या दिवशी माणसं वाटून घ्या

इंदूरच्या आपल्या मराठी घरांत कुणी आजारी पडलं की अख्खं गणगोत दवाखान्यात हजर. केमोच्या, म्हणजे कॅन्सरवरच्या केमोथेरपीच्या, पहिल्या दिवशी मात्र ही माया वाटून घ्या. पेशंटजवळ एकच जण थांबावा, तोही गप्प बसू शकणारा. फाइल, रक्ताचे रिपोर्ट, बिल दुसऱ्याकडे. नातेवाइकांचे फोन घ्यायलाही एकजण ठरवा. पेशंटला तेच तेच सांगायला लावू नका.

बाह्या सहज वर सरकतील असे कपडे आणि एक शाल सोबत असू द्या. सलाइन चालू असताना सुईपाशी जळजळ, सूज वाटली तर लगेच सिस्टरला हाक मारा, अजिबात संकोच नको.

आणि काकू-मावश्यांनो, त्या दिवशी आवडीचे पोहे-जिलबी मुळीच नेऊ नका. पुढे मळमळ झाली तर मन ती त्याच पदार्थाशी जोडतं आणि मग त्याचा वासही नकोसा होतो. साधा वरणभात बरा.

घरी थर्मामीटर हाताशी ठेवा. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर मध्यरात्रीसुद्धा डॉक्टरांना फोन करा, आपल्या मनानं तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. सर्दी-खोकला असलेल्यांनी भेटायला न येता फोनवरच बोलावं.